बोरीचा पाला

प्रश्न तिसरा, गुण पाच:
फर्जे-किफाया म्हणजे काय? उदाहरणासह लिहा.
तहुरानं घडाघडा लिहिलं:
चौघांनी केलं तर सगळे सुटतात,
कुणीच नाही केलं तर अख्खं गाव गुन्हेगार.
उदाहरण, मय्यतीचं गुस्ल.
मीही तेच लिहिलं. तिचं बघून.

कमरुन्निसा आपांनी पेपर परत द्यायच्या आधीच
पौषातल्या एका सकाळी, तोंडातून वाफ निघत असताना,
त्या आमच्या उंबऱ्यात उभ्या.
"मदारबी गेली रात्री. पोरीला पाठवा."
अम्मी म्हणाली, दहावी आहे हो तिची.
आपा तशाच उभ्या राहिल्या.
मी चप्पल शोधली.

आधी पाला.
कळमनुरीत बोरींना काय तोटा,
पण पाय गेले सोजरबाईच्या बांधाकडेच,
जिथं मागच्या साली बोरं चोरताना
सादेकाची ओढणी काट्यात राहिली होती.
सोजरबाई काठी घेऊन उठली.
"बोरं नकोत मावशी, पाला पाहिजे."
काठी खाली आली.
"कोन गेलं गं?"
मग तिनंच फांदी ओढून ओरबाडून दिला,
"मपल्या घरातल्या समद्या गाद्या तिनंच भरल्या,"
म्हणाली, आणि काटा लागलेलं बोट
तोंडात धरून बसली.

पाणी उकळलं, हिरवट झालं, मग कोमट केलं.
मशिदीतून तख्ता आला.
चार जुनी लुगडी चारी बाजूंनी धरून
अंगणात एक खोली झाली,
छप्पर नसलेली; वर एक घार.

वहीत होतं: उजवीकडून सुरुवात.
वहीत होतं: एकदा, तीनदा, पाचदा, विषम.
वहीत नव्हतं की माणसाची मान
इतकी जड असते.
माझा हात जरा जोरात फिरला
तशा आपा पुटपुटल्या,
"हौले बेटा, हौले. उनको लगताय."
मी दचकून मदारबीच्या तोंडाकडे पाहिलं.

जन्मभर कापूस पिंजला तिनं.
छातीत तो बसला होता, खोकायची
तेव्हा गल्लीला कळायचं किती वाजले.
आपांनी बोळे दिले, नाकाला, कानाला.
एका बोळ्यात सरकी राहिली होती.
ती मी नखानं काढली.
का, कोण जाणे. तिला चाललं नसतं.

मग कुशीवर घेताना
चादर जराशी सरकली,
आणि डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला
मला दिसलं.

आपांनाही दिसलं होतं.
त्यांनी तांब्या ओतला तिथं,
इतर जागी ओतला तितकाच,
ना थेंब कमी, ना थेंब जास्त,
चादर वर ओढली
आणि पुढच्या पाण्यात कापूर चुरला.
तहुरा लुगडं धरून उभी होती, तिची पाठ इकडे.
एवढंच म्हणाल्या:
"देखे सो ढाक देना."

केसांच्या दोन बटा छातीवर ठेवल्या.
एक बट माझ्या हातची, थोडी वाकडी.
ती तशीच गेली.

दुपारी पुरुष जनाजा घेऊन गेले.
आम्ही लुगडी पिळली, वाळत घातली.
घरी अम्मीनं भाकरी वाढली, आणि अगदी सहज,
तव्याकडे बघत,
"म्हणतात बाई, ती इथली नव्हतीच म्हणे मुळची.
काही होतं का अंगावर?"
मी भाकरी मोडली.
"पाणी कोमट होतं," म्हटलं.
अम्मीनं वळून पाहिलं, बराच वेळ,
आणि न विचारता आणखी एक भाकरी टाकली.

पेपर शुक्रवारी मिळाले.
तिसऱ्या प्रश्नाला तहुराला पाच.
मलाही पाच, पण खोडून केलेले;
खालचा आकडा वाचता येत नव्हता.
मी उजेडात धरून पाहिला,
मग घडी घातली.

बोरं त्या साली उशिरापर्यंत होती.
सोजरबाई स्वतःच हाक मारायची, "या गं पोरींनो."
सादेका ओंजळ भरून आणायची.
मी एकेक खायची, बी तोंडात घोळवत,
खूप वेळ.